वेशीतला पुसलेला बाण

एका तालुक्याच्या गावी पूर्वी एक वृद्ध सायकल मिस्त्री होता. लोक त्याला आबा म्हणत. दरवर्षी मार्गशीर्षात, हवेत गारवा आला की शहरातून चाळीस-एक माणसे आपापल्या सायकली घेऊन त्याच्या दुकानापुढे जमत आणि तो त्यांना साठ किलोमीटरचा एक फेरा घडवून आणी. तो मुलूखच चढउतारांचा आहे. एक टेकाड चढावे, पलीकडे उतरावे, ओढा ओलांडावा, की पुढचे टेकाड वाट पाहत उभे. वाटेत तीन जुनी गावे लागत. एक बारवेचे, एक काळ्या दगडाच्या देवळाचे आणि शेवटचे वेशीचे. वीस वर्षे आबाने ही फेरी नेली. मग त्याचे गुडघे गेले.

त्याच्या हाताखाली एक शिष्य तयार झाला होता. तिशीचा, कष्टाळू, नोकरीने नकाशे काढणारा. आबा त्याला म्हणाला, "यंदा तू ने. नीट नेलीस, तर इथून पुढं फेरी तुझी."

शिष्याला याहून मोठे काही मिळवायचे नव्हते. त्याने तो रस्ता महिनाभरात सात वेळा तुडवला. कुठला चढ किती लांबीचा, कुठे खडी उखडली आहे, कुठे उतारावर ब्रेक धरावा, सारे त्याने टिपून ठेवले. मग चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन प्रत्येक फाट्यावर डांबरावर ठळक पांढरे बाण काढले. काम संपवून तो दुकानात आला आणि समाधानाने म्हणाला, "आबा, आता पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाला तोंड उघडायची गरज नाही."

आबा एका चाकाच्या तारा आवळत होता. त्याने विचारले, "गावातसुद्धा काढलेस बाण?"

"तिन्ही गावांत काढले."

आबाने चाक फिरवून पाहिले आणि एवढेच म्हटले, की मला एकदा दाखव.

फेरीच्या दोन दिवस आधी शिष्य त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. रानातले बाण पाहून आबा प्रसन्न दिसला. वळण कुठे फसवे आहे ते पोराने बरोबर हेरले, असे तो दोनदा म्हणालाही. पण बारवेचे गाव आले तसा तो खाली उतरला. पिशवीतून गोणपाटाचा तुकडा काढला, बाटलीतले पाणी बाणावर ओतले आणि दुखऱ्या गुडघ्यांवर बसून तो बाण घासून पुसून टाकला. देवळाच्या गावातही तेच केले. शिष्य मोटारसायकल धरून पाहत होता. मोठ्या माणसाला मध्येच कसे अडवावे, हे त्याला कळेना.

वेशीच्या गावात, वेशीतल्या दगडी ओट्यावर एक बाई शेंगा निवडत बसली होती. आबा रस्ता घासू लागला तशी ती म्हणाली, "आबा, रस्ता धुताय व्हय? मग आमचं अंगण तेवढं राहिलंय बघा."

"हात दुखायला लागलेत गं," आबा म्हणाला. "पुढच्या खेपेला."

परतताना शिष्याला राहवले नाही. त्याने विचारले, की बाण चुकले होते का? आबा म्हणाला, नाही, तिन्ही बरोबर होते. मग पुसले का?

"का ते मला आज ठाऊक नाही," आबा म्हणाला. "परवा गाव सांगेल."

शिष्य त्या रात्री नीट झोपला नाही. आबा थकला आहे, त्याला आता काही सुचत नाही, असे त्याच्या मनात आले आणि त्या विचाराची त्याला लाजही वाटली. परंतु चाळीस माणसांची जबाबदारी त्याच्यावर होती. वेशीपाशी रस्त्याचे दोन फाटे होतात. एक वेशीतून सरळ खाली उतरून चावडीपुढून नदीकडे जातो. दुसरा गावाला बाहेरून वळसा घालून नदीलाच मिळतो, पण त्याच्याच मध्यावर एक वाट निराळ्या खोऱ्यात फुटते. तिथे चुकलेला माणूस दहा किलोमीटर भलतीकडे जाईल. पहिल्या दोन गावांतले बाण त्याने आबाच्या मानासाठी तसेच पुसलेले राहू दिले. तिसरा मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी एकटा जाऊन पुन्हा काढला. ऊन टळटळीत होते. ओट्यावर कोणी नव्हते आणि रस्ता पार नदीपर्यंत मोकळा होता.

फेरीच्या दिवशी शिष्य सर्वांच्या मागे राहिला, कोणी मागे पडू नये म्हणून. पाणी आणि सामान घेऊन आबा टेम्पोतून येत होता. बारवेच्या गावात बाण नव्हता, म्हणून सारे थांबले. पारावरच्या म्हाताऱ्यांना रस्ता विचारला. त्यांनी तो सांगितलाच, शिवाय एवढ्या किमतीच्या सायकलीला मडगार्ड का नाही, तेही विचारून घेतले. देवळाच्या गावातही असेच झाले. रस्ता दोन्ही ठिकाणी बाणाने सांगितला असता तोच निघाला. शिष्याने घड्याळात पाहिले. पंचवीस मिनिटे वाया गेली होती. आपण तिसरा बाण काढला ते बरे केले, असे त्याला वाटले.

वेशीपाशी बाण होता. पुढच्यांनी तो लांबूनच पाहिला आणि कोणीही पाय टेकला नाही. एकामागून एक सायकली वेशीच्या सावलीतून सुसाट खाली गेल्या. ओट्यावरची बाई उठून उभी राहिली आणि दोन्ही हात हलवू लागली. तिच्या या स्वागताने लोक हरखले आणि त्यांनीही जाता जाता तिला हात केला.

उताराच्या पायथ्याशी, चावडीपुढच्या सपाट डांबरावर तिने पहाटेपासून हुलगा पसरला होता. त्या भागात पुष्कळ जण असे करतात. काढलेला हुलगा रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात, मळणी आपोआप होते. ट्रॅक्टरच्या रुंद चाकाला त्याचे काही वाटत नाही. पण सायकलीचे चाक दोन बोटांचे. पहिला सायकलस्वार आडवा झाला, त्याच्यावर दुसरा, मग आणखी तिघे. एका शिक्षिकेचे मनगट मोडले. बाकीच्यांची कोपरे, गुडघे सोलवटले. घसरत गेलेल्या सायकलींनी निम्मा हुलगा फरफटत नेऊन कडेच्या गटारात लोटला.

शिष्य पोहोचला तेव्हा ती बाई वर्षभराच्या कष्टाकडे पाहत उभी होती. ती रागावलीही नाही. म्हणाली, "मी तिथं बसलेच होते की. एकानं जरी विचारलं असतं, तर सांगितलं असतं, आज गावाबाहेरनं जा म्हणून. हात केला, तर तुम्ही उलटा मलाच हात केला."

शिष्य पडलेल्यांना एकेक करून उठवू लागला.

टेम्पो आला. आबाने वेशीतला ताजा पांढरा बाण पाहिला, मग खालचा प्रकार पाहिला. शिक्षिकेला त्याने टेम्पोत बसवून एका जाणत्या सोबत्यासह दवाखान्यात धाडले. मग तो गटाराच्या कडेला बसला आणि ओंजळीने हुलगा वर काढू लागला. शिष्य त्याच्याजवळ बसला. हळूहळू बाकीचेही हेल्मेटे काढून बसले. कोणी मातीतले दाणे वेचले, कोणी रस्त्यावरचे झाडून गोळा केले. बाईने घरून सुपे आणली. पाखडताना एकाने निम्मे दाणे पुन्हा रस्त्यावर सांडले, तेव्हा तिने सूप त्याच्या हातातून काढून घेतले आणि "तुम्ही आपलं सायकलच चालवा, दादा" म्हणाली. तेव्हा कुठे लोक थोडे हसले.

बऱ्याच वेळाने शिष्य खाली मान घालून म्हणाला, "आबा, बाण मी काढला."

"दिसला मला."

"काल रस्ता मोकळा होता."

"असेल ना. तुझा बाण खोटा नव्हता," आबा म्हणाला. तो दाणे वेचत सावकाश बोलत होता. "पण बाणाला कालचंच ठाऊक असतं. आजचं ठाऊक होतं ते या बाईला. रानात तुझे बाण असू देत, तिथं विचारायला कोण आहे? गावात माणूस बसलेलं असतं. आपल्याला हा रस्ता, पण तिला आज हे खळं आहे. कुणाच्या खळ्यातून जायचं, तर आधी विचारतो का नाही आपण? मला ही वाट वीस वर्षं पाठ आहे. तरी तीन ठिकाणी उतरून मी ती विचारत आलो. अठरा वर्षं काही निघालं नाही. रस्ता तोच असायचा. दोन वर्षं निराळा निघाला."

"म्हणजे मी फेरी नीट नेली नाही."

"नाही नेलीस," आबा म्हणाला. शिष्याला वाटले, आता संपले. तेवढ्यात आबाने पिशवीतला गोणपाटाचा तुकडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "हे धुऊन वाळत घाल. पुढच्या वर्षी तुला लागेल."

शिष्य उठला. चढ चढून वेशीत गेला, आपल्या बाटलीतले पाणी बाणावर ओतले आणि डांबराचा काळा रंग दिसेपर्यंत तो घासत राहिला. एव्हाना बाई सूप घेऊन पुन्हा ओट्यावर येऊन बसली होती. शिष्याने हात पुसले, तिच्यासमोर उभा राहिला आणि सात वेळा तुडवलेला तो रस्ता तिला विचारला.

"मावशी, नदीकडं कसं जायचं?"

बाईने त्याच्याकडे क्षणभर पाहिले. मग सुपातला हात थांबवून तिने त्याला वाट सांगितली. बाहेरून वळसा घ्या, पहिल्या वळणावर चिंच लागेल, तिच्या उजवीकडून जा, डावीकडची वाट धरू नका, आणि ओढ्यावर शेवाळ आहे, उतरून चाला.

शेवाळ त्याच्या नकाशात नव्हते.