पळशीचं सॉफ्टवेअर वडगावात

लग्नाची रजा संपवून मी कामावर आले, त्याच दिवशी वडगाव दूध संघाचे अध्यक्ष ऑफिसात येऊन कडाडले, "तुमचं सॉफ्टवेअर आमच्या गाईंचं दूध नापास करतंय!"

आमच्या बॉसनी, हर्डीकर साहेबांनी, माझ्याकडे बोट केलं. "हिनं बनवलंय. लक्ष सगळं लग्नात! आजच काढतो हिला. तरी हिच्या रजेत ते वडगावात बसवायला मी स्वतः गेलो होतो."

मी हळूच विचारलं, "अध्यक्षसाहेब, स्क्रीनवर व्हर्जनच्या नंबरापुढे कोणतं गाव लिहिलंय?"

त्यांनी मोबाइलमध्ये काढलेला स्क्रीनचा फोटो पाहिला. "पळशी."

"प्रत्येक गावाचं व्हर्जन वेगळं, म्हणून मी त्यावर गावाचं नाव घालते. पळशीत सगळ्या म्हशी, तिथली फॅटची अट जास्त. हर्डीकर साहेब, वडगावच्या गाईंकडे तुम्ही म्हशीचं दूध मागताय!"

अध्यक्ष खो खो हसले. "पुढच्या वेळी ताईंनाच पाठवा. तुम्ही आधी गाई-म्हशी ओळखायला शिका!"