ठामपणाचं शिबिर

कोणाला काय येत नाही, हे नुसत्या जन्मदाखल्यावरून ओळखणारा एक थोर माणूस आमच्या तालुक्याच्या दूध संघाला लाभला होता. ते म्हणजे कार्यकारी संचालक नाईकनवरेसाहेब. माणसाचं काम बघण्यात ते उगाच वेळ घालवत नसत. पन्नाशीपुढच्या व्यवस्थापकांना त्यांनी संगणक शिकायला धाडलं, तिशीच्या आतल्यांना संयम शिकायला. आणि दूध थंड करायच्या केंद्राच्या व्यवस्थापक वैजयंता खुडे या पडल्या बाई, म्हणून त्यांच्या वाट्याला आलं ठामपणे बोलायचं शिबिर! जो जाणार नाही त्याने बढती विसरावी, असंही साहेबांनी भर बैठकीत सांगून टाकलं.

खुडेबाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, मी जाणार नाही. मला त्याची गरज नाही."

साहेब लालबुंद झाले. "सगळ्यांदेखत मला नाही म्हणता? फार तोंड चालतं हो तुमचं!"

"म्हणजे ठामपणे बोलता येतं मला. आपणच सांगितलंत, तेही सगळ्यांदेखत. आता शिबिरात आणखी काय शिकू?"

पण माघार घेतील ते साहेब कसले! "मग ती जागा काय फुकट घालवू?"

"छे, छे! या पुरुष मंडळींपैकी कोणालाही पाठवा."

"यांना कशाला? पुरुष आहेत ते!" साहेब बाकीच्या व्यवस्थापकांकडे वळले. "काय हो, तुम्हाला गरज आहे का ठामपणे बोलायला शिकायची?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि एका सुरात उत्तर दिलं, "साहेब म्हणतील तसं."