दोन फ्रेमवर्कांचा निवाडा

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंकडे दोन फ्रेमवर्कांचा निवाडा मागायला गेली.

गुरूंचे नाव नीलकंठराव. त्यांनी आयुष्यभर अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर सह्याद्रीतल्या एका धरणाच्या काठी, जलाशयाकडे तोंड करून बसलेल्या लहानशा घरात ते राहू लागले. शिष्येचे नाव शाल्मली. पुण्यातली नोकरी सोडून ती आता स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर तयार करीत असे.

त्या जलाशयाच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत काही वाड्या आहेत. तिथून अलीकडे यायला रस्ता नाही, इंजिनावर चालणारी होडी, म्हणजे लाँच आहे. हिवाळ्यात पाण्यावर धुके उतरले की पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते ते उमगत नाही. काठ सोडलेल्या लाँचचा थोड्याच वेळात केवळ आवाज उरतो, मग तोही पुसट होत जातो, आणि काठावर उभ्या माणसाला वाटते, आपण ती पाहिली की तिचा भास झाला?

आदल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी पलीकडच्या वाडीतून एका बाळंतिणीसाठी लाँच मागवणारा निरोप निघाला. मोबाइलला रेंज नव्हती. तो निरोप अलीकडच्या काठावरच्या आरोग्य केंद्रात पोहोचेपर्यंत उशीर झाला. आई वाचली, मूल वाचले नाही. केंद्रातल्या रत्नप्रभा सिस्टर त्या सकाळी कामावर होत्या. काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी नीलकंठरावांच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही कॉम्प्युटरचे. निरोप हरवणार नाही असं काही करता येतं का?"

नीलकंठरावांनी शाल्मलीला बोलावून घेतले.

काम तसे मोठे नव्हते. वाडीत आरोग्याचे काम बघणाऱ्या आशाताईंनी फोनवर निरोप लिहावा; रेंज नसेल तर तो फोनमध्येच थांबून राहावा; रेंज येताच आपोआप निघावा आणि आरोग्य केंद्रातल्या संगणकावर उमटावा, म्हणजे लाँच सोडता येईल. परंतु असे काम कोणी शून्यापासून लिहीत नाही. त्याचा सांगाडा आधी कोणीतरी रचून ठेवलेला असतो, त्यालाच फ्रेमवर्क म्हणतात. शाल्मलीपुढे असे दोन सांगाडे होते. एक नवा, देखणा, चपळ. दुसरा जुना, जडशीळ, ज्याचे नाव घेतले की तिच्या वयाचे लोक हसत.

ती मनापासून काम करणारी होती. केवळ आवडीवर निर्णय सोडणे तिला पटेना. म्हणून ज्यांनी ही फ्रेमवर्क वापरली होती त्यांचे अनुभव ती वाचू लागली. जगभरातली माणसे इंटरनेटवर आपापले अनुभव लिहून ठेवतात. एकाने लिहिले होते, नव्या फ्रेमवर्कने माझे आयुष्य सोपे केले. दुसऱ्याने लिहिले होते, नव्याच्या नादात आमचे वर्ष वाया गेले. कोणी जुन्याला ओझे म्हणत होते, तर कोणी म्हणत होते की जुने कंटाळवाणे आहे खरे, पण रात्री झोप लागते. जितके वाचावे तितका निर्णय लांब जाई. शेवटी तिने दोन्हींत तेच काम छोट्या स्वरूपात करून पाहिले. दोन्ही चालले. आणि हिवाळा तर तोंडावर आला होता.

एका सकाळी दोन्ही नमुने लॅपटॉपमध्ये घेऊन ती निघाली. पलीकडच्या वाडीतून फोनवर चाचणीचा निरोप सोडून परतताना लाँचमध्ये ती एकटीच प्रवासी होती. धुके दाट होते. इंजिनाच्या संथ लयीत तिचा डोळा लागला. तिला वाटले, धुक्यातून माणसांचे आवाज येत आहेत. कोणी म्हणत होते, इकडे ये. कोणी म्हणत होते, इकडे येऊ नकोस. आवाज सगळे सच्चे होते, कळवळ्याचे होते. पण बोलणारा कोणत्या काठावर उभा आहे ते काही दिसत नव्हते. लाँच धक्क्याला लागली तेव्हा ती जागी झाली, आणि ते आवाज बराच वेळ तिच्या कानांत राहिले.

नीलकंठरावांनी तिचे सगळे ऐकून घेतले.

"सर, तुमचं मत काय?" तिने विचारले. "तुम्ही सांगाल ते घेते."

"दोन्ही नमुने केंद्रातल्या कॉम्प्युटरवर घाल," ते म्हणाले. "आपण तिकडेच जाऊ."

आरोग्य केंद्रात जाऊन तिने तसे केले. मग त्यांनी तिला बाजूच्या बाकावर बसवले, स्वतः संगणकापुढे बसले, दोन्ही नमुन्यांच्या मांडणीत एकेक ओळ शोधून काढली आणि ती मोडून टाकली. महिनाभर जपून रचलेले काम त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत बिघडवले. शाल्मली उठून उभी राहिली.

"सर, हे काय करताय?"

"बस. आता तू बोलायचं नाहीस. खूणसुद्धा करायची नाही." मग त्यांनी आत हाक मारली, "सिस्टर, जरा येता? हे बंद पडलंय. शाल्मली इथे नाही असं समजा, आणि तुम्हाला चालू करता येतं का बघा."

रत्नप्रभा सिस्टर हात पुसत आल्या. आधी त्यांनी नवा नमुना उघडला. पडदा पांढरा झाला. मधोमध एक छोटेसे चक्र फिरत राहिले. त्यांनी बंद करून पुन्हा उघडले, मग संगणकच बंद करून पुन्हा चालू केला. तोच पांढरा पडदा, तेच शांतपणे फिरणारे चक्र. त्यांनी तालुक्याच्या गावी, दूधसंघात संगणकाचे काम बघणाऱ्या कैवल्यला फोन लावला. तो त्यांच्या भावाचा मित्र होता.

"सिस्टर, हे मी कधी हाताळलेलं नाही," तो म्हणाला. "ज्यांनी केलंय त्यांनाच विचारायला लागेल."

सिस्टरांनी शाल्मलीकडे पाहिले. उत्तर शाल्मलीच्या ओठांवर होते. ती गुरूंकडे बघत गप्प राहिली. सिस्टरांचा हात माउसवरून हळूच खाली आला. त्या उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर पाणी नव्हते, काठ नव्हता, नुसता पांढरेपणा होता. त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या, तरी त्यांना कोणती सकाळ आठवते आहे हे शाल्मलीला कळले. तिला तिथून निघून जावेसे वाटले.

"सिस्टर," नीलकंठराव हळुवारपणे म्हणाले, "अजून एक आहे."

सिस्टर परत येऊन बसल्या. जुन्या नमुन्याने पडदा भरून इंग्रजी मजकूर ओकला. दिसायला ते फार कुरूप होते. सिस्टर थोड्या घाबरल्याच. त्यांनी पुन्हा कैवल्यला फोन केला आणि एकेक अक्षर सुटे करून वाचायला लागल्या. मध्येच तो म्हणाला, "थांबा, थांबा. हे आमच्या डेअरीत पण व्हायचं." त्याने सांगितलेल्या जागी त्या गेल्या, चुकल्या, परत आल्या, दुसऱ्यांदा चुकल्या. बाहेर कोणीतरी औषधासाठी येऊन बसले होते, त्याला त्यांनी हातानेच थांबायला सांगितले. बऱ्याच वेळाने पडद्यावर सकाळचा चाचणीचा निरोप उमटला: लाँच पाठवा.

सिस्टर ते दोन शब्द बघत राहिल्या. मग औषध द्यायला गेल्या.

गुरू-शिष्या बाहेर धक्क्यावर येऊन बसले. शाल्मलीचा स्वर दुखावलेला होता.

"पण सर, नवं फ्रेमवर्क वाईट नाही. मी असते तर दोन मिनिटांत दुरुस्त केलं असतं. लोकांनी त्याची स्तुती केलीय ती काही खोटी नाही."

"खोटी कशाला असेल?" नीलकंठराव म्हणाले. "निंदाही खोटी नाही. प्रत्येकाने आपल्यावर गुदरलं ते लिहिलंय. कोणाजवळ दहा जाणती माणसं होती, कोणी एकटा होता. कोणाचं काम बिघडलं तर चित्र उशिरा दिसणार होतं, कोणाचं बिघडलं तर माणूस जाणार होता. तू त्या सगळ्यांना एका तराजूत घातलंस आणि तराजू स्थिर होईना म्हणून माझ्याकडे आलीस. मी माझं मत दिलं असतं तर त्या ढिगात आणखी एकाची भर पडली असती."

"मग त्यांचं वाचायचंच नाही?"

"वाचायचं. पण आधी बघायचं की बोलणारा उभा कुठे आहे. आणि वाचून झालं की एक प्रश्न उरतो. ज्याचा अनुभव अजून कुठेच लिहिलेला नाही, असा माणूस कोण? तू पुण्याला जाशील. मी किती दिवसांचा? धुक्याच्या सकाळी इथे सिस्टर असणार, आणि फोनच्या टोकाला फार तर तो कैवल्य. त्यांचा अनुभव तुला कोणी आयता देणार नव्हतं. तो इथे येऊन बघावा लागणार होता. म्हणून मी तुझं काम मोडलं."

शाल्मलीने पाण्याकडे पाहिले. ऊन वर आले होते आणि धुके जागोजागी फाटू लागले होते. एखादी टेकडी तरंगत असल्यासारखी दिसे आणि पुन्हा नाहीशी होई. नवा नमुना तिचा लाडका होता. त्यात तिने आपले सारे कौशल्य ओतले होते. तो बाजूला ठेवताना तिला खरोखरच वाईट वाटले, आणि ते तिने गुरूंपासून लपवले नाही. पण ठेवला. मग जुन्या फ्रेमवर्कमध्ये तिने सारे काम पुन्हा नीट उभे केले. एके दिवशी कैवल्यला तालुक्याहून बोलावून त्याला आणि सिस्टरांना शेजारी बसवून सगळे दाखवले, आणि त्यातला पडदा भरून टाकणारा इंग्रजी मजकूर जमेल तितका मराठीत केला.

हिवाळा आला. शाल्मली पुण्यात दुसऱ्या कामात गुंतली. एकदा सहज चौकशीसाठी तिने फोन केला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात बंद पडलं होतं हो. मी आणि कैवल्यने केलं चालू. पलीकडून एका आजोबांना आणायचं होतं, छातीत दुखत होतं त्यांच्या. आणलं. बरे आहेत आता. तुमचं कसं चाललंय?"

आपल्याला कोणी हाकही मारली नाही, याचे शाल्मलीला आधी क्षणभर वाईट वाटले. मग ती खुर्चीत मागे टेकली. काम पूर्ण झाल्याचा निर्धास्तपणा तिला त्या दिवशी प्रथमच जाणवला.

त्या संध्याकाळी तिने स्वतःचाही अनुभव इतरांसाठी लिहून ठेवला. त्यात आधी पाणी होते, धुके होते, एक परिचारिका होती, तालुक्याच्या गावातला एक तरुण होता. फ्रेमवर्कचे नाव अगदी शेवटच्या ओळीत आले. थोड्याच वेळात कोणा अनोळखी माणसाने खाली विचारले, "एवढी कथा कशाला? दोन्हींतलं चांगलं कोणतं, तेवढं सांगा."

शाल्मलीने तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. काही महिन्यांपूर्वी तिनेही तो असाच विचारला असता. मग तिने शांतपणे लिहिले, "काम बंद पडेल तेव्हा तुमच्याकडे त्याच्यासमोर कोण बसलेलं असेल, ते आधी सांगा."