इनासकाकांचा बँड आणि मारुतीचे कान

दोष सगळा इनासकाकांचा. वसईतल्या त्या गावात गणपतीची मिरवणूक चर्चवरून जायची, कुणाच्या पोटात दुखत नव्हतं. काका ख्रिस्ती गावकीचे अध्यक्ष झाले आणि सभेत गरजले, "चर्चसमोर ताशे बंद! आपल्या देवाला त्रास होतो."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना तेवढंच जमतं.

नाताळीन उठली. बासष्ट वर्षांच्या काकांशी तिचं येत्या रविवारी लग्न होतं. पण शेजारच्या यशोदेचा गणपती मुक्यानं जावा, हे तिला खपणारं नव्हतं.

"बरोबर आहे, अध्यक्ष! दुसऱ्याच्या देवाच्या दारात कुणीच वाजवायचं नाही. करा ठराव."

काका खूश झाले. भराभर हात वर झाले.

"मग आपल्या रिवाजातलं लग्नाच्या आंघोळीचं पाणी आणायलाही विहिरीवर बँड न्यायचा नाही. विहीर मारुतीच्या दारात आहे. चोरासारखे गुपचूप जा."

काकांचं तोंड उतरलं. नव्या सुटाइतकीच त्यांना बँडची हौस होती.

"अगं, मारुतीला कसला त्रास?"

"मारुतीची परवानगी तुम्ही परस्पर देता? मग येशूची तक्रारही परस्परच केली असणार!"

सभा खो खो हसली आणि ठराव तिथंच मोडला. गणपती वाजत गेला, बँडही वाजला. हसं झालेल्या इनासकाकांचं अध्यक्षपद मात्र गेलं.