रेड्याचा मुतखडा

जनावरंच जनावरांचे वैद्य होती, त्या काळातली गोष्ट. एका रेड्याच्या मूत्रनळीत खडा अडकला आणि तो कळांनी चिखलात लोळायला लागला.

हत्तीवैद्य म्हणाला, "मी बाहेरनंच दणके देऊन फोडतो. आत शिरायला नको."

"आणि तुकडा अडकला की पुन्हा दणके," काजवावैद्य हसला. "मी लघवीच्या वाटेनं आत जातो. माझ्या किरणानं एका खेपेत पीठ करतो."

"आत नळीला इजा झाली म्हणजे?"

दोघांची अशी जुंपली की रेडा राहिला बाजूला. त्याची म्हैस उसळली, "मेल्यांनो, कळा माझ्या धन्याला आणि मोठेपणा तुम्हाला. खडा केवढा, कुठं, कुणी बघितलं का?"

दोघं खाली माना घालून चाचपून बघायला लागले. खडा टणक निघाला, तोही पार खाली, मूत्राशयापाशी.

"इथं माझा दणका कमी पडेल," हत्ती म्हणाला. "काजव्या, तू जा."

थोड्या वेळानं रेडा असा धो धो मुतला की दोघं वैद्य भिजले. म्हैस हसून हसून चिखलात बसली.

पुढल्या आठवड्यात रानडुकरीण आली. तिचा खडा बारका, ठिसूळ आणि वर मूत्रपिंडाजवळ होता. काजवा तिला स्वतः हत्तीच्या दारात सोडून आला.