दारातली सावळी

डोंगरावरच्या ऐनाच्या झाडाला ढोली होती आणि ढोलीत मधमाश्यांचं पोळं नांदत होतं, तेव्हाची ही गोष्ट. ढोलीच्या दारात सावळी नावाची राखणदार माशी बसे. गांधीलमाशी दिसली की ती अंगातून उग्र वास सोडी, आणि तो येताच साऱ्या माश्या नांग्या परजून दाराकडे धावत.

थंडी पडली तसं सावळीच्या मनात आलं, आपण राणीच्या उशाशीच बसावं. ऊबही मिळेल आणि इशारा तिला सगळ्यांच्या आधी कळेल.

म्हातारी काळूआत्या म्हणाली, "पोरी, दारात वास सोडलास की सगळ्या दाराकडे तोंड करतात. आत सोडलास तर कुणाकडे करतील?"

"वास तोच ना, आत्या? मग दारात काय नि आत काय!" असं म्हणून सावळी आत गेली.

दुसऱ्याच दिवशी दाराशी गांधीलमाशी घोंघावली. सावळीने इमानेइतबारे वास सोडला, राणीच्या शेजारीच. अंधारात साऱ्यांना वाटलं, वैरी इथेच आहे, अगदी अंगाला खेटून. जिला जी सापडली तिला तिने नांगी मारली. त्यात राणी गेली, काळूआत्याही गेली. मग रिकाम्या दारातून गांधीलमाशी सावकाश आत आली आणि एकेक पिल्लू उचलून नेऊ लागली.

सावळी तेवढी वाचली. आता ती दारातून हलत नाही. कुणी आलं की वास सोडते, आणि आतून कुणी धावून येतंय का, ते ऐकत राहते.