वादळाच्या दिवशी घर कुठं होतं?

त्या दिवशी सकाळपासून वारा अगदी पडला होता. माडाचं एक पातं हलत नव्हतं. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत, आभाळ तांब्याच्या घंगाळासारखं, आणि खेकडे वाळू सोडून डोंगराकडं चाललेले. असा दिवस दिसला की किनाऱ्यावरचा माणूस ओळखतो. आता वादळ येणार!

पण वादळाच्या आधी पोचला तो बाबलशेटचा माणूस, थाळी पिटत. "ऐका हो ऐका! घरांची हमी आजपासून दुप्पट! नारळ भरा, नाहीतर घर रिकामं करा!"

ही हमी म्हणजे काय, ते सांगतो. दर साली घराघरानं बाबलशेटला नारळ द्यायचे, आणि वादळात घर गेलं तर शेटनं ते बांधून द्यायचं. राजाचाच हुकूम, तेव्हा नको म्हणायची सोय नाही. नारळ देणं दर साली होई. बांधून देणं तेवढं अजून झालं नव्हतं. मागच्या वादळात शेटची शेजारीण पारूकाकी, तिचं छप्पर उडालं. शेट आला, घराभोवती फिरला आणि म्हणाला, "भिंती आहेत की! घर म्हणजे भिंती." पलीकडं भिकू खारव्याच्या भिंती पडल्या आणि छप्पर अलगद खाली बसलं. शेट तिथंही गेला. "छप्पर आहे की! घर म्हणजे छप्पर."

अगदी लाटांच्या तोंडाशी सोनू तांडेलचं घर होतं. कुडाच्या भिंती, वर माडाच्या झापांचं छप्पर. झाडांवर होते तेवढे नारळ आधीच शेटकडं गेले होते. सोनू कपाळाला हात लावून बसला. त्याची लेक चंद्री मात्र पदर खोचून उठली आणि तडक राजाकडं गेली.

राजा तसा वाईट नव्हता, पण हट्टी. शिवाय त्याला रोजचं शहाळं शेटकडून यायचं. आताही तो शहाळंच पीत होता, आणि शेट शेजारी उभा होता.

"महाराज, हमी दुप्पट का?"

"धोका दुप्पट, म्हणून!" शेटच बोलला. "तुझं घर समुद्राच्या जबड्यात, पोरी!"

"पण थंडीत कुठं वादळ असतं, शेट? नारळ तर वर्षभराचे घेता."

"वर्षभराचे नाहीतच मुळी! वर्षभर तुझ्या झोपड्याला कोण विचारतो? मी घेतो ते वादळाच्या त्या एका दिवसाचे. त्या दिवशी घर तिथं उभं असतं, त्याचा भार माझ्या डोक्यावर!"

"महाराजांनी ऐकलं ना?"

"ऐकलं, आणि बरोबर बोलला तो!" राजा म्हणाला. "तुला हमी नको ना? मग वादळाला मोडता येणार नाही असं घर दाखव. दाखवलंस तर हमी माफ. नाही दाखवलंस तर जागा शेटची!"

शेट मिशीत हसला. त्या जागेवर त्याला वखार बांधायची होती.

"दाखवते! वादळ गेलं की दुसऱ्या दिवशी सांजेला महाराजांनी स्वतः यावं."

घरी येऊन तिनं सांगितलं, तर सोनू उडालाच. "अगं, किल्ल्याचे बुरूज ढासळतात, तिथं आपल्या कुडाचं काय!"

"बाबा, वादळी वारा सुटला की होडीचं शीड काय करता?"

"काय करता म्हणजे? उतरवतो! उभं ठेवायला मी काय वेडा आहे?"

"मग?"

सोनूनं तिच्याकडं बघितलं. मग घराकडं बघितलं. आणि असा खो खो हसला की आळीतली माणसं धावत आली.

पावसाआधी छप्पर शाकारायला जशी सगळी आळी सावडीनं, एकमेकांच्या मदतीला जमते, तशी ती जमली. फरक एवढाच, की या वेळी काम उलटं! गाठी सोडल्या, झापं गुंडाळली, कूड उतरवले, खांबांच्या मेढी उपटल्या. सगळं डोंगराच्या पोटाशी, देवळामागं नेऊन दगडांखाली दाबलं. सोनूचं झालं, मग आळीतली बाकीची घरं झाली. माणसं देवळात जाऊन बसली.

वादळ आलं ते सगळा किनारा झोडपून गेलं. सोनूच्या जागेवर वाळूच काय ती होती. वादळ वाळूचं काय मोडणार?

दुसऱ्या दिवशी सांजेला राजा आला, तेव्हा घर जागेवर! चुलीचा धूर निघतोय, सोनू दारात जाळं विणतोय. राजानं कूड ठोकून बघितला, छप्पर हलवून बघितलं.

"एक काठी मोडली नाही! काय केलंस गं?"

चंद्रीनं होतं तसं सांगून टाकलं. तेवढ्यात बाबलशेट धापा टाकत आला, डोक्याला पगडीही नाही.

"फसवणूक, महाराज! वादळाच्या दिवशी हिचं घर नव्हतंच तिथं!"

"नक्की नव्हतं, शेट?" चंद्रीनं विचारलं.

"नव्हतं! माझ्या माणसानं डोळ्यांनी बघितलं. शपथेवर सांगतो!"

"मग नसलेल्या घराचे नारळ कसले मागता? हमी तर त्याच एका दिवसाची! आणि होतं म्हणत असाल, तर हे बघा, वादळाला मोडलं नाही. होतं म्हणा, नव्हतं म्हणा. तुमच्या मर्जीवर!"

"होतं... नव्हतं... होतं..." करत शेट घराभोवती फिरायला लागला. गळाला लागलेल्या माशासारखा! राजाला असं हसू फुटलं की त्याला मेढीचा आधार घ्यावा लागला.

"शेट, सगळ्या किनाऱ्याची हमी आजपासून बंद! यंदाचे नारळ ज्याचे त्याला परत! आणि या पोरीला माझ्याकडून नवी होडी, शिडासकट. शीड कधी उतरवायचं, ते हिला शिकवायला नको!"

बाबलशेट पाय ओढत घरी गेला. चिऱ्यांचं भक्कम घर त्याचं, पण कौलं सगळी वादळानं नेलेली. डोक्यावर उघडं आभाळ. तो ओट्यावर बसला आणि गळा काढला, "गेलं हो, माझं घर गेलं!"

मधल्या दगडी गडग्यावरून पारूकाकीनं मान वर केली. घराला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "उगीच काय रडता, शेट? भिंती आहेत की!"